चार वाजताचा भुरका

नाशिकच्या तांबट आळीत दोन माणसांना गप्पा मारायच्या असतील, तर एकाला दुसऱ्याच्या कानाशी लागावं लागतं. पूर्वीही लागायचं आणि आता, दोन हजार एकसष्ट सालीही लागतं. डोक्यावरून टपालाचे ड्रोन घोंगावत जातात, कोपऱ्यावर झाडू मारतो तो यंत्रमानव, या गोष्टीतल्या शलाकाचे बाबा तर चंद्रावरच्या तळावर नळजोडणीचं काम करतात आणि वर्षातून दोनदाच घरी येतात. पण तांब्याचं भांडं मात्र या आळीत अजून हातानंच घडतं. सकाळी नऊला पहिली हातोडी पडते आणि मग ठण् ठण् ठण्, पार दिवेलागणीपर्यंत.

आता कोडं ऐका.

अकरा वर्षांची शलाका करडे शाळेतून आली की आजोबांच्या कारखान्याला लागून असलेल्या खोलीत तासभर गाढ झोपायची. मधे एक वीतभर भिंत. पलीकडे हातोड्यांचा दणदणाट, आणि ही इकडे कूससुद्धा बदलत नसे. आईनं एकदा मोजून पाहिलं होतं: खोलीत चांगला सत्तर डेसिबल आवाज होता (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजायचं माप, आपण साधं बोलतो ते साठाच्या आसपास). पण चार वाजता ती चहाला बसली, आबा हात धुऊन घरात आले आणि त्यांनी बशीत चहा ओतून पहिला भुरका घेतला, की संपलं! भुरका तो केवढा, जेमतेम चाळीस डेसिबलचा. पण शलाका ताडकन उठायची, हातातलं बिस्कीट तिथंच टाकायची आणि गच्चीवर पळायची.

सत्तरला झोप आणि चाळीसला पळापळ. असं कसं?

शलाकालाही ते सांगता येत नसे. भुरका मोठा वाटायचा असं नाही. कानात दुखायचं असंही नाही. पण तो ऐकला की पोटातून काहीतरी गरम गरम वर यायचं, मुठी आपोआप वळायच्या, आणि वाटायचं की ती बशी हिसकावून थेट गोदावरीत भिरकावून द्यावी. गच्चीवर पोचली की तिला स्वतःचीच लाज वाटायची. कारण आबा तिचे सगळ्यात लाडके! साऱ्या आळीत त्यांच्यासारखा कान कुणाचा नव्हता. तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की कडक होत जातो आणि त्याचा आवाज किरटा होत जातो. तो ठरावीक इतका किरटा झाला की आबा हातोडी थांबवायचे, पत्रा भट्टीत लाल करायचे आणि चिंचेच्या पाण्यात बुडवायचे. सुर्रर्र! पत्रा पुन्हा मऊ. "तांबं सांगतं गं, आता दमलो म्हणून," आबा म्हणायचे. "आपण ऐकायचं तेवढं." ते नुसतं ऐकून पत्रा किती जाड आहे ते सांगत. शलाका तासन्‌तास त्यांच्याकडे बघत बसायची. अशा माणसाच्या चहाचा राग यावा?

बरं, आवाजाशी वाकडं असणारी ती घरात एकटीच नव्हती.

आबांची गंमत वेगळीच. शलाकाची आई म्हणायची, "आबा, जेवायला चला." आबा म्हणायचे, "काय?" आई जरा मोठ्यानं, "जेवायला!" "अगं, तोंडातल्या तोंडात काय बोलतेस? मोठ्यानं बोल." मग आई मोठ्यानं सांगायची, आणि आबा दोन्ही कानांवर हात ठेवायचे. "ओरडतेस कशाला, रेवती? मी काय बहिरा आहे?"

आणि खुद्द आई? तिला कुकरच्या शिट्टीची धास्ती. शलाका लहान असताना एकदा कुकरची झडप उडाली होती आणि आमटी छताला लागली होती. कुणाला इजा झाली नाही, पण तेव्हापासून आई कुकर चढवला की स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, एक पाय आत, एक पाय बाहेर. पहिल्या शिट्टीला शेगडी बंद. त्यामुळे करड्यांच्या घरची डाळ बारा महिने कचकच लागायची.

आई शिकलेली होती, रसायनशास्त्रातली पदवी होती तिच्याकडे. त्यामुळे कसलीही काळजी वाटली की तिचा पहिला उपाय ठरलेला: नोंद करायची. तिनं एक आवाजवही केली. कोण, कधी, कशाला दचकलं, किती वाजता उठून गेलं. महिनाभरात वही भरली आणि काळजी मात्र दुप्पट झाली. शेवटी तिनं शहराच्या श्रवणसेवेचा अर्ज पडद्यावर उघडला. अर्जात प्रश्न एकच होता: "आपल्या घरात कुणाला आवाज सहन होत नाही का? असल्यास किती जणांना?"

आईनं लिहिलं: तीन.

दुसऱ्या दिवशी ड्रोननं तीन शांतटोप आणून टाकले. डोक्यावर चढवायचे, कानांवर गाद्या ओढायच्या. की जग मुकं.

पहिले तीन दिवस काय वर्णावे! चार वाजता शलाका टोप घालून चहाला बसली आणि बिस्कीट संपेपर्यंत बसली. आई शिट्टीकडे पाठ करून भाजी चिरू लागली. आबांनी "डोक्यावर घागर उपडी घातल्यासारखं वाटतंय" अशी कुरकुर केली, पण सुनेनं इतक्या काळजीनं मागवलंय म्हणून टोप घातला. घरात बोलणं खुणांवर आलं. ताटाखाली फडकी आली, दारांना कापसाच्या गाद्या आल्या.

पण आठवडा उलटला आणि नवलच झालं. टोप काढला की शलाकाला फ्रीजची घरघर डोक्यात शिरल्यासारखी वाटू लागली. पूर्वी कधी ऐकू न आलेलं घड्याळ आता टिकटिक करून जीव नकोसा करायचं. आईला टोप असूनही कुकरकडे बघवेना. आणि बाराव्या दिवशी कारखान्यातून आबांची हाक आली. हाक कसली, नुसता हुंकार.

शलाकानं नेमका टोप काढलेला होता, ती धावली. आबांच्या पुढ्यात घंगाळ होतं, दोन कड्यांचं, रुंद तोंडाचं. महिनाभर ते त्यावर काम करत होते. अंगभर मठारकाम, म्हणजे हातोडीचे एकसारखे बारीक ठसे, जणू तांब्यावर चांदण्या पेरल्यात. आणि बुडाशी बोटभर तडा.

"ऐकू आलं नाही," आबा म्हणाले. टोप त्यांच्या मांडीवर पडला होता. "ते सांगत असणार की आता दमलो. मी ठोकतच राहिलो. पंचावन्न वर्षांत असं कधी झालं नाही."

त्या दिवशी ते चहाला आले नाहीत. जेवताना त्यांनी टोप न घालता आईला सांगितलं, "रेवती, मी शनिवारी येवल्याला जातो, बहिणीकडे, वच्छीकडे. आता तिथंच राहीन म्हणतो."

"आबा! असं काय एकदम?"

"एकदम नाही. माझ्या चहापायी घर मुकं झालं. मला ऐकू कमी येत असेल, दिसतं चांगलं. पोर टोपाशिवाय माझ्यासमोर बसत नाही, पाठ करून पळते. म्हाताऱ्या माणसाची शिसारी येत असेल तिला. यायचीच. तिचा दोष नाही त्यात."

शलाकानं टोप घातला होता, पण एका कानाची गादी उचललेली होती. तिनं प्रत्येक शब्द ऐकला. 'तसं नाहीये आबा' असं तिला ओरडून सांगायचं होतं. पण मग कसं आहे, हे कुठं तिला तरी ठाऊक होतं?

शुक्रवारी दुपारी दार वाजलं. बाहेर श्रवणसेवेचा तपासणी यंत्रमानव उभा होता. उंची शलाकाएवढीच, रंग राखाडी, आणि डोक्याच्या दोन बाजूंना हे एवढाले सुपाएवढे कान.

"नमस्कार. मी शूर्पकर्ण चार. शांतटोपांच्या पंधरा दिवसांच्या तपासणीसाठी..."

शलाकानं सवयीनं दाराची कडी सोडली. कडी खण्णकन चौकटीवर आपटली. यंत्रमानवानं दोन्ही कान घडी घालून मिटले आणि तो भिंतीला चिकटला.

"हळू! कृपया हळू! आळीतल्या हातोड्या काय कमी आहेत? आणि ती बांगडी... आणि पंखा... आणि कोण तो चपला घासतोय?"

"मी आहे," आबा म्हणाले. ते हळूच आले होते. "हा कोण सुप्या?"

तेच नाव त्याला चिकटलं. आईनं पाणी विचारलं, मग यंत्रमानवाला पाणी कशाला म्हणून स्वतःच हसली, आणि म्हणाली, "कान तपासायला आलात आणि तुम्हालाच आवाज सोसवत नाही?"

"तीच तर कहाणी आहे," सुप्या कुजबुजला, आणि आबांसाठी तेच शब्द त्याच्या छातीवरच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटले. "मी पंधरा दिवस गोदामात बंद होतो. तिथे टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. माझ्या कानांच्या मागे एक आपोआप फिरणारी कळ आहे. बाहेर शांत असेल तर ती म्हणते, 'अरे, काहीच येत नाही, जरा वाढव.' पंधरा दिवस ती वाढवतच राहिली. आता कुठलाही आवाज येवो, बांगडीचा, चपलेचा, मांजराचा, मला ढोलाएवढा वाटतो आणि दुखतो. माणसांच्या मेंदूतही अशी कळ असते. ती चढून बसली तर त्याला हायपरअक्युसिस म्हणतात (साधेसुधे, रोजचे सगळेच आवाज सोसेनासे मोठे वाटणं)."

शलाकाचे डोळे मोठे झाले. "म्हणून मला फ्रीज ऐकू यायला लागला?"

सुप्याचे कान अर्धे उघडले. "टोप किती वेळ घालतेस?"

"दिवसभर."

"अरेरे. तुझीही कळ जराशी चढली आहे. काळजी नको, नुकतीच चढलीय, उतरेल. माझीही मी उतरवतोच आहे. हळूहळू, रोजच्या आवाजांत बसून. एकदम ढोलात नाही आणि एकदम गोदामातही नाही."

"पण भुरका मला टोपाच्या आधीपासून सहन होत नाही," शलाका पटकन बोलून गेली आणि आबांकडे बघून तिनं जीभ चावली.

आबांनी मान फिरवली. कोपऱ्यात त्यांची पिशवी बांधून तयार होती.

सुप्यानं पिशवीकडे पाहिलं, आईच्या हातातल्या वहीकडे पाहिलं. "ती मला वाचू द्याल? आणि मला आधी कारखाना दाखवा. दुरूनच."

आबांनी त्याला भट्टी दाखवली, लाल तांबं चिंचेच्या पाण्यात बुडवून दाखवलं. सुर्रर्र! सुप्याच्या छातीवरचा पडदा सुरू होता. तो सगळं टिपत होता. मग चार वाजले. आईनं चहा केला. शलाका गच्चीवर गेली. आबांनी भुरके घेतले, सुप्यानं तेही टिपले आणि शलाकाला खाली बोलावलं.

"आता पाहू," तो म्हणाला. आळीचा दणदणाट आत येऊ नये म्हणून त्यानं गाद्या लावलेली दारं बंद करवली, ते तडकलेलं घंगाळ मध्ये ठेवलं आणि एक छोटी लाकडी हातोडी घेतली. "मी हळूहून मोठ्याकडे जाईन. ऐकू आलं की एक बोट. त्रास झाला की हात वर."

त्यानं घंगाळावर नुसती हातोडी टेकवली. टिक्. आई आणि शलाका, दोघींची बोटं वर. आबा शांत. जरा मोठा. आबा शांत. आणखी मोठा. आबा म्हणाले, "अरे, सुरू कर की!" आणखी एक घाव, आणि आबांचं बोट वर. त्याच्यापुढचे दोनच घाव, आणि आबांचा हात कानावर. "पुरे! फोडतोस का काय?"

"अजून तर हात वर केला नाही आम्ही," आई आश्चर्यानं म्हणाली.

"कानात आवाजाचा एक जिना असतो असं समजा," सुप्या म्हणाला. "सगळ्यात खालच्या पायरीवर मुंगीच्या पावलाएवढा आवाज, सगळ्यात वरच्या पायरीवर कानठळ्या. मधे शंभर पायऱ्या. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग आहे. त्यात केसपेशी असतात (केसासारखे तुरे असलेल्या अगदी सूक्ष्म पेशी). त्यांतल्या काही पेशी बारीक आवाज उचलून मोठा करतात. आजोबा पंचावन्न वर्षं हातोडीशेजारी बसले, त्या दमल्या आणि गेल्या. एकदा गेल्या की परत येत नाहीत. म्हणजे आजोबांच्या जिन्याच्या खालच्या साठ पायऱ्या झिजल्या. वरच्या मात्र आहेत तिथंच आहेत. म्हणून 'ऐकू येत नाही' आणि 'ओरडतेस कशाला' यांच्यामध्ये त्यांना थोड्याच पायऱ्या उरल्या. याला रिक्रूटमेंट म्हणतात (बारीक आवाज न ऐकू येणं, पण जरा वाढला की एकदम मोठा वाटणं)."

आबांनी कानाची पाळी चिमटीत धरून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे मी हट्टी नाही."

"त्याबद्दल माझ्याकडे यंत्र नाही, आजोबा."

आई फसकन हसली. आबासुद्धा.

"आता आई. हे मनगटाला लावा." सुप्यानं एक पट्टा दिला, त्यावर छातीचे ठोके दिसायचे. त्यानं शिट्टीचा आवाज अगदी बारीक लावला. ठोके जरासे वाढले. मग तो म्हणाला, "आता मी काहीच वाजवणार नाही," आणि रिकामा कुकर आणून आईसमोर ठेवला आणि झाकण लावलं. एवढंच. शेगडी बंद, कुकर गार. आणि आईचे ठोके धडधड धडधड शंभरावर!

"तुमचा त्रास शिट्टी होण्याआधीच सुरू होतो," सुप्या हळुवार म्हणाला. "कान ठणठणीत, जिना शाबूत. भीती आहे ती येणाऱ्या आवाजाची, शलाकानं मघाशी सांगितलेल्या त्या छतावरच्या आमटीची. हा फोनोफोबिया (आवाजाची धास्ती). पळून जाऊन ती वाढते. थोडं थोडं जवळ जाऊन, लगाम आपल्या हातात ठेवून, कमी होते."

आईनं परत हातात आलेली वही मिटली. इतके दिवस ती सगळ्यांवर नजर ठेवून होती, आणि वहीत तिचं स्वतःचं पान मात्र कोरं होतं.

"आता शलाका."

शलाका पुढे सरकून बसली. आबा उठायला लागले, पण सुप्या म्हणाला, "आजोबा, तुम्ही बसाच."

त्यानं स्वतःचे कान मिटून हातोडीचा आवाज लावला, चांगला दणदणीत. शलाका नुसती बघत राहिली. मग एक भुरका, इतका बारीक की आबांना तर ऐकूच आला नाही. शलाकाच्या मुठी वळल्या, कान लाल झाले.

"बघा. मोठ्यानं काही होत नाही, बारक्यानं होतं. म्हणजे इथे प्रश्न किती मोठा आवाज आहे हा नाहीच. बरं, जरा मनाला आराम. हे बघ." पडद्यावर आबांच्या हातातलं लालभडक तांबं चिंचेच्या पाण्यात शिरलं. सुर्रर्र! पुन्हा एकदा. सुर्रर्र! वाफ उठली. शलाकाच्या मुठी सुटल्या.

"कसा वाटला आवाज?"

"छान! मला तर सगळ्यात आवडतो तो. आबा तेव्हा जादूगारासारखे दिसतात."

"हा आवाज पाण्याचा नव्हता," सुप्या म्हणाला. "चित्र पाण्याचं होतं. आवाज आजोबांच्या भुरक्याचा. मघाशी वाजवला त्याच्यापेक्षा मोठा."

शलाकानं पडद्याकडे पाहिलं, मग आबांकडे. "खोटं!"

सुप्यानं पडदा झाकून तोच आवाज लावला. भुरका. अगदी स्वच्छ भुरका. गरम लाट पुन्हा वर आली, आणि या वेळी तिच्याबरोबर आश्चर्यही आलं.

"मेंदूत एक धोक्याची घंटा असते," सुप्या सांगू लागला. "साप दिसला, आग लागली की ती वाजायला हवी, म्हणून असते. काही जणांत एखाद्या आवाजाची दोरी चुकून त्या घंटेला बांधली जाते. चावण्याचा, भुरकण्याचा, श्वासाचा, पेनाच्या टकटकीचा. मग तो आवाज आला की घंटा वाजते, आणि अंगात राग उसळतो. दुखत नाही, भीती वाटत नाही, चीड येते. याचं नाव मिसोफोनिया (ठरावीक आवाजांनी आपोआप येणारी चीड). बहुतेकदा तुझ्याच वयात सुरू होतं. आणि गंमत अशी की पुष्कळदा ते आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाच्या आवाजाला होतं. परक्या माणसाच्या भुरक्याला नाही."

शलाका आबांसमोर जाऊन उभी राहिली. आता शब्द सापडले होते.

"आबा, मला तुमची शिसारी नाही येत. भुरक्याची चीड येते. आणि ती आली की मला माझाच राग येतो. म्हणून मी पळते. मला तुमच्यासमोर तसं तोंड करायचं नसतं."

आबांनी तिच्या वळलेल्या मुठी आपल्या खरबरीत हातांत धरल्या. पण आबाच ते. "कारण कळलं, बाळा. बरं वाटलं. पण उद्याही मी चहा पिणार आणि तू पळणार. दोरी तर आहे तिथंच आहे. मग फरक काय पडला?"

प्रश्न खरा होता. सुप्यानंही मान हलवली. "दोरी मला कापता येत नाही. ती सैल करायला शिकवणारे तज्ज्ञ आहेत. तिघांनाही मी त्यांच्याकडे पाठवणारच आहे. मी फक्त ओळख पटवली. पण ओळख पटली म्हणून एवढं नक्की सांगतो: तिघांना एकच टोप ही आमची चूक. टोपानं आईची धास्ती वाढली, शलाकाची कळ चढली, आणि आजोबांचं तर हत्यारच गेलं. हातोडीच्या कामाला कानांना आडोसा हवाच, शलाका, तुलाही, नाहीतर तुझ्याही पायऱ्या झिजतील. पण दणका अडवून सूर आत सोडणारा हवा, जग मुकं करणारा नको. आणि आजोबा, हे घाला."

त्यानं पोटातल्या खणातून चण्याएवढं श्रवणयंत्र काढलं. "हे बारीक आवाज उचलतं आणि मोठ्याला हातही लावत नाही. झिजलेल्या पायऱ्यांवर ठेवलेल्या फळ्या समजा."

आबांनी ते कानात घातलं, नाक मुरडलं, आणि काही होत नाही हे दाखवायला गार झालेल्या चहाचा उरलेला घोट भुरकला.

आणि दचकले.

"अरे देवा! हा असा आवाज येतो?"

शलाका इतकी हसली की घंटा वाजायची राहूनच गेली.

शनिवार उजाडला. येवल्याची बस पाचची होती. पिशवी अजून कोपऱ्यातच होती. आबांनी ती सोडली नव्हती आणि उचललीही नव्हती. सकाळी शलाकानं मात्र ते तडकलेलं घंगाळ दाराशी टांगलं आणि आबांना सांगितलं, "मला फारच झालं तर मी यावर दोनदा वाजवीन. म्हणजे काय, तर मी जाऊन येते, पण तुमच्यावर रागावले नाही. चालेल?"

"आणि मला ऐकू आलं नाही तर?"

शलाका घंगाळाची कडी आणखी घट्ट बांधत राहिली.

चार वाजले. आबांनी हात धुतले, कानात श्रवणयंत्र बसवलं, बशीत चहा ओतला. टोप खुंटीला होते. आईनं मुद्दाम रेडिओ बारीक लावून ठेवला होता, भुरका एकटाच कानात शिरू नये म्हणून.

पहिला भुरका. आबांनी जपून घेतला, तरी आलाच. गरम लाट उठली. शलाकानं डोळे मिटले: लाल तांबं, चिंचेचं पाणी, वाफ. दुसरा. वाफ जरा पातळ झाली, पण होती. तिसऱ्याला तिनं अर्धं बिस्कीट संपवलं, आजवर कधी जमलं नव्हतं तेवढं. चौथ्याला मात्र मुठी वळल्याच.

ती उठली. दाराशी आली. घंगाळावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं. टिक्, टिक्. जोरात वाजवण्याइतका धीर राहिला नव्हता. आणि ती जिना चढून गच्चीवर गेली.

इतका बारीक आवाज! आबांना तो आयुष्यात कधी ऐकू आला नसता, आजवरच्या कुठल्याही दिवशी. शलाका कठड्याला धरून उभी राहिली. आळीत हातोड्या चालल्या होत्या. एक, दोन, तीन असे तिनं श्वास मोजले. खाली बसथांब्याकडे जाणारा रस्ता दिसत होता, आणि तिला तिकडे बघायचं नव्हतं.

टिक्, टिक्.

खालून आलं. तितकंच बारीक, तितकंच जपून.

ती धावत खाली आली. आबा दाराशी घंगाळाजवळ उभे होते, हातात रिकामी बशी. "ऐकू आलं गं," ते म्हणाले. "चिमणीएवढं ऐकू आलं."

त्यांच्या मागे आई पिशवीतून एकेक सदरा काढून पुन्हा फळीवर ठेवत होती. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची पहिली शिट्टी झाली. आई थबकली. दारापर्यंत गेली, आत शिरली, शेगडीच्या बटणाला हात लावून उभी राहिली, पण ते फिरवलं नाही. दुसरी झाली. तिनं शलाकाकडे बघून मोठ्यानं मोजलं, "दोन." आणि मग डोळे घट्ट मिटून, "तीन!" त्या दिवशी करड्यांच्या घरी आमटीतली डाळ पहिल्यांदा मऊ होती. आबांनी दोन वाट्या घेतल्या. भुरकूनच. शलाकानं एकदाच उठून घंगाळावर टिक्, टिक् केलं.

महिन्याभरानं सुप्याचा निरोप आला. त्याची कळ उतरली होती. आता तो ढोलाच्या तालमीतही न दचकता बसत होता. श्रवणसेवेच्या अर्जावरचा तो एकुलता प्रश्न गेला होता. त्याजागी आता लिहिलं होतं: 'कोणता आवाज? तो किती मोठा असताना त्रास होतो? त्रास आवाजाआधी सुरू होतो, की नंतर? दुखतं, भीती वाटते, की चीड येते?' खाली बारीक अक्षरांत होतं: 'प्रश्न सुचवणारे: करडे कुटुंब, तांबट आळी.' शलाकानं ते दहा वेळा वाचलं आणि ठरवून टाकलं की आपण मोठेपणी कानाच्या आत काय चालतं तेच शिकायचं. झिजलेल्या पायऱ्या कुणाला तरी पुन्हा बांधता यायलाच हव्यात, नाही का?

आबांनी नवं घंगाळ घडवलं, त्याला तडा गेला नाही. पण जुनं त्यांनी काही वितळवलं नाही. त्यात पाणी ठरत नाही, त्याला कल्हई होत नाही, भंगारवाला तीनदा विचारून गेला. ते अजून दाराशी टांगलेलं आहे. चार वाजता आळीतल्या सगळ्या हातोड्या चालू असतात, कानाशी लागल्याशिवाय शब्द पोचत नाही. पण त्या दणदणाटातून टिक्, टिक् झालं, की पंचाहत्तरीचे आबा चहाच्या बशीवरून मान वर करतात आणि लगेच उत्तर देतात.